खालून वर लिहिलेलं वेळापत्रक

शिरूरला जुनी माणसं अजून घोडनदीच म्हणतात. गावालाच नदीचं नाव मिळालं, पण ती नदी येते कुठून असं विचारलं, तर बहुतेकांचं उत्तर डिंभ्याच्या धरणाशी थांबतं. पाचवीतल्या ओवीचं समाधान त्यावर झालं नाही. "धरणाच्या आधी कुठून येते?" तिनं वडिलांना विचारलं. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी. त्यांनी नकाशा काढून निळी रेघ बोटानं मागं मागं नेली. घोडेगाव, डिंभे, आणि मग सह्याद्रीच्या अगदी कड्यापाशी आहुपे. तिथल्या डोंगरात घोड उगम पावते. पुढं आपल्या गावावरून जाऊन भीमेला मिळते आणि कृष्णेच्या पाण्याबरोबर थेट बंगालच्या उपसागरात. त्याच कड्याच्या पलीकडं चार हातांवर पडलेला पाऊस मात्र कोकणात उतरून अरबी समुद्राला जातो. ओवीला ती जागा बघायचीच होती.

सहल ठरली ती अशी. तिचा मामा दिगू रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत तीन पाळ्यांत काम करणारा, डोंगराची हौस असलेला. तो म्हणाला, "एवढं आहुप्यापर्यंत जायचं आणि नुसती नदी बघून यायचं? आहुपे घाटानं खाली खोपिवलीला उतरू, जेवू, परत वर येऊ. जुनी वाट आहे, रुळलेली. देशावरून कोकणात पायी जाऊन एका दिवसात माघारी!" त्याचा मित्र सचिन गाडी आणणार होता. सचिनची ओळख असलेलं एक घर खोपिवलीत होतं. तिथं तांदळाच्या भाकरी आणि कोंबडीचा बेतही त्यानं फोनवर पक्का करून टाकला. दिगूची बहीण मनीषा, दाजी म्हणजे ओवीचे वडील, ओवी, सचिन, दिगू आणि शेजारच्या घरातली काकू असे सहा जण. काकू अठ्ठावन्न वर्षांची. "मला घेऊन चला, घाट कसा असतो मी कधी बघितलाच नाही," ती म्हणाली आणि कुणाला नाही म्हणवेना.

मग याद्या सुरू झाल्या. चटणी कोणाची, दशम्या कोणाच्या, टोपी, बूट, दोरी, चार्जिंगची बॅटरी. आपल्याकडं सहलीची तयारी म्हणजे खाण्याची आणि सामानाची तयारी असं होऊन बसलंय, आणि डोंगरात अडकलेल्या कित्येक लोकांच्या पिशव्यांत खाणं शिल्लक असतं. संपलेला असतो तो दिवस. दिगूच्या वहीत निघायची वेळ होती, पोचायची होती, जेवायची होती. "परत" या शब्दापुढं त्यानं लिहिलं होतं, "संध्याकाळ".

वही अण्णांच्या हाताला लागली ती काकूमुळं. अण्णा तिचे यजमान. सगळी नोकरी शिरूर आगारात एस.टी. चालवण्यात गेली. निवृत्त होऊनही घड्याळ डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूला बांधतात, स्टिअरिंगवर हात असताना वेळ दिसावी म्हणून. त्यांनी पान वाचलं आणि दिगूला बोलावलं.

"संध्याकाळ म्हंजे किती वाजता?"

"पाच-सहा होतील, अण्णा. खाली उतरायला अडीच तास लागतात म्हणे, वर यायला तेवढेच धरा."

"आरं, उतरायला जेवढे तेवढेच चढायला?"

दिगू गप्प झाला. दाजी तिथंच बसले होते. त्यांनी पेन्सिल घेतली. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ साली डोंगरातल्या वेळेचा एक ठोकताळा सांगितला, तो अजून जगभर वापरतात. दर तीन मैलांना, म्हणजे साधारण पाच किलोमीटरला, एक तास. आणि दर दोन हजार फूट चढाला आणखी एक तास. वाट सहा किलोमीटरची धरली, चढ अडीच हजारांच्या वर, सव्वीसशे फुटांचा धरला. चालण्याचा सव्वा तास आणि चढाचा तेवढाच. "म्हणजे अडीच तास," दिगू म्हणाला, "बघा, मी तेच म्हणत होतो."

"हा हिशोब तगड्या माणसाचा आहे," दाजी म्हणाले, "न थांबता, थंड हवेत चालणाऱ्याचा. आपण ओवी आणि काकूंबरोबर, डिसेंबरच्या असल्या तरी दुपारच्या उन्हात चढणार. आणि त्याच दिवशी आधी तेवढंच उतरून."

इथं थोडं थांबून या वाटेचा स्वभाव सांगायला हवा, कारण सगळी गोष्ट त्यातच आहे. आपण ज्यांना गड म्हणतो त्यांची वाट आधी चढते. सकाळी ताज्या पायांनी, गार हवेत चढायचं, दमलो तर कुठूनही वळायचं, आणि वळल्यावर उतार असतो. घाटमाथ्यावरून कोकणात उतरणाऱ्या वाटेचं उलटं. सकाळ उतारात जाते, दम लागत नाही, गप्पा रंगतात, आणि आपण दमलो हे कळतं तेव्हा परतीची अख्खी भिंत डोक्यावर उभी असते. त्यात सह्याद्रीचा हा कडा तोंड करून आहे पश्चिमेला. सकाळी दहा-अकरापर्यंत त्याचीच सावली त्याच्या अंगावर पडलेली असते, वाट गार असते. दुपार कलली की ऊन थेट त्या भिंतीवर येतं आणि सूर्य बुडेपर्यंत हलत नाही. म्हणजे कष्टाचा सगळा भाग दिवसाच्या वाईट अर्ध्यात. शिरूर-दौंडकडच्या आपल्या सपाट मुलखातल्या माणसाला हे चटकन लक्षात येत नाही, कारण आपल्या पायांना जाणं आणि येणं सारखंच वाटत आलेलं असतं.

अण्णांनी वहीचं नवं पान उघडलं आणि अगदी तळाच्या ओळीवर लिहायला सुरुवात केली.

"हे काय, अण्णा? खालून?"

"एस.टी.ची पहिली गाडी चुकली तर दुसरी असते. शेवटची चुकली की माणूस स्टँडवर झोपतो. म्हणून शेवटची आधी ठरवायची."

तळाला त्यांनी लिहिलं: अंधार सहा वाजता. त्याच्या वर: सगळे माथ्यावर पाच वाजता. "हा मधला एक तास कशाला?" दिगूनं विचारलं. "हा तास तुमचा न्हाई," अण्णा म्हणाले. "हा पंक्चरचा." त्याच्या वर चढण. किती तास लिहायचे यावर वाद झाला. अण्णांनी विचारलं, सगळ्यात सावकाश कोण चढेल? सगळ्यांनी काकूकडं पाहिलं. काकूनं मान हलवली, "माझेच लिहा." चार तास लिहिले. म्हणजे चढायला सुरुवात एक वाजता. त्याआधी अर्धा तास जेवण. मग अण्णांनी पेन दाबून लिहिलं: साडेबाराला थांबायचं, जिथं असाल तिथं. त्याच्या वर उतरायला सुरुवात साडेनऊला. त्याच्या वर प्रवास, मलठण, कवठे येमाई, पारगाव, मंचर, घोडेगाव, डिंभे, आहुपे. घाटातला रस्ता अरुंद, चार तास धरा, चहासकट साडेचार. सगळ्यात वरच्या ओळीत आलं: शिरूर सोडायचं पहाटे पाच.

"आणि साडेबारापर्यंत खोपिवली आली नाही तर?" दिगूनं विचारलं.

"तर न्हाई आली."

पानाची एक नक्कल अण्णांनी स्वतःपाशी ठेवली. तिच्यावर गाडीचा नंबर, सहा जणांची नावं, आणि खाली एक ओळ: रात्री साडेआठपर्यंत फोन नाही आला तर घोडेगाव पोलीस ठाणे. दिगूला हे फार वाटलं. "आपण काय एव्हरेस्टवर चाललोय का?" तो म्हणाला. अण्णांनी त्याला माळीणची आठवण करून दिली. आहुप्याला जाताना माळीणचा फाटा लागतो. ३० जुलै २०१४ च्या सकाळी तिथं डोंगर खचला आणि १५१ माणसं गाडली गेली. ती बातमी जगाला कळली ती गावात नेमानं जाणाऱ्या एस.टी.च्या चालकामुळं. तो आपल्या वेळेला पोचला आणि गावच दिसेना. "सांगायला आत कुणी उरलं नव्हतं," अण्णा म्हणाले. "ठरल्या वेळेला कुणीतरी येणारं होतं म्हणून कळलं. तुमची वाट बघणारा माणूस आणि त्याच्या हातात वेळ, एवढं पाहिजे."

यानंतर दिगू वाद घालत बसला नाही. तयारी मात्र त्यानं मनापासून केली. माणशी तीन लिटर पाणी, कारण पावसाळा सरला की घाटातले ओढे भराभर आटतात आणि वरच्या वाड्यांना स्वतःलाच उन्हाळ्यात पाणी पुरत नाही, तिथं मागायला जाणं बरं नव्हे. लिंबं, मीठ, साखर, गूळ-शेंगदाणे. दोन विजेऱ्या. सचिनला दाजींनी सांगितलं की अंगाला अत्तर-फवारा नको. कड्यांना आग्या मोहोळं असतात, उग्र वासानं आणि धुरानं ती उठतात. शेकोटीचा विषयच नाही. भीमाशंकरचं अभयारण्य १९८५ साली जाहीर झालं, आहुप्याचं रान त्याला लागून आणि त्यातही आहे. त्यामुळं नियमांची चौकशी दाजींनी वनखात्यात आधीच करून ठेवली होती. काकूनं एक जादाची गोष्ट घेतली: दोन मोठ्या बाटल्या आणि जुन्या लुगड्याचा फडका. कशाला ते सांगितलं नाही.

ठरलेल्या रविवारी सचिन वीस मिनिटं उशिरा आला. मंचरला चहा लांबला. डिंभ्याच्या पुढं धुकं इतकं होतं की धरणाचं पाणी आणि आभाळ वेगळं कळेना, गाडी रांगत चालली. माळीणच्या फाट्यावर सचिननं आपणहून गाडी थांबवली. कुणी काही बोललं नाही. मनीषानं ओवीला जवळ घेतलं. आहुप्यात पोचून बूट बांधून वाटेला लागेपर्यंत दहा वाजले. साडेनऊच्या जागी दहा. अर्धा तास गेला होता, आणि तो कुठून वजा होणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. चढणीचे चार तास हलणार नव्हते. अंधार हलणार नव्हता.

कड्यावरून कोकण दिसलं तेव्हा काकूनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि कितीतरी वेळ नुसती बघत राहिली. समोर गोरखगड आणि मच्छिंद्रगडाचे सुळके, डावीकडं सिद्धगड, खाली झाडीत पेरल्यासारखी घरं. वाट रानात शिरली तशी थंडी वाढली. जांभूळ, अंजन, आणि हिरडा. हिरड्याच्या झाडाखाली ओवीनं सुकलेली फळं उचलली. दाजींनी तिला ती परत ठेवायला लावली. बाळहिरडा गोळा करून विकणं हे इथल्या महादेव कोळी कुटुंबांचं वर्षाचं रोख उत्पन्न आहे, एकेक झाड कुणाचं हे ठरलेलं असतं. आहुप्याची देवराईही अशीच राखलेली. देवाच्या धाकानं म्हणा किंवा शहाणपणानं म्हणा, कुऱ्हाड लागली नाही म्हणून झाडं पिढ्यान्‌पिढ्या उभी आहेत. सत्तरच्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी या भागातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा कुठं शहरातल्या शास्त्रज्ञांना त्यांचं मोल कळलं. गावाला ते आधीपासून ठाऊक होतं.

पाऊण-एक तास उतरल्यावर काकू थांबली. दोन मोठ्या बाटल्या फडक्यात गुंडाळून एका कातळाच्या सावलीतल्या खबदाडात ठेवल्या आणि वानरांनी ओढू नये म्हणून वर धोंडे रचले. "वर जाताना तहान लागंल तेव्हा हे पाणी मला पाठीवर नको," ती म्हणाली. दिगू तोपर्यंत पुढच्या वळणावर होता. त्याची चाल बघण्यासारखी होती. दगडावरून दगडावर, दोन्ही खांद्यांवर दोन पिशव्या, ओवीचीही घेतलेली. सचिन त्याच्या मागं. पाणी पी म्हणून दाजींनी दोनदा हाक दिली. "तहानच नाही," तो म्हणाला, आणि ते खरं होतं. गार सावलीत उतरताना तहान लागत नाही.

मग शेकरू दिसलं. आधी उंबरावरचं काटक्यांचं घरटं, मग फांदीवरून खाली सोडलेली लांब तांबूस शेपटी. महाराष्ट्राचा राज्यप्राणी म्हणून पुस्तकात चित्र पाहिलेलं, पण जिवंत शेकरू आपल्याकडं बघतंय हे ओवीला सोसेना. ती वाटेतच बसली. वीस मिनिटं गेली. ती वीस मिनिटं वाया गेली असं कुणी म्हणू नये. त्यासाठीच तर माणूस रानात जातो.

साडेबारा वाजले तेव्हा ते झाडीतल्या एका सपाट जागेवर होते. फांद्यांतून खोपिवलीची कौलं स्पष्ट दिसत होती. कोंबडा आरवला तो ऐकू आला.

काकूनं पदराच्या गाठीतून पान काढलं नाही. फक्त खाली बसली आणि दशम्यांचं फडकं सोडलं.

"काकू, अगं अर्धा तास! फार तर पाऊण," दिगू म्हणाला. "तिथं लोकांनी स्वयंपाक करून ठेवलाय. गेलो नाही तर कसं दिसेल?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. कुणाच्या तरी चुलीवर आपल्यासाठी कोंबडी शिजत असताना पाठ फिरवणं सोपं नसतं. दाजींनी घड्याळ दाखवलं. मनीषा गप्प होती. दिगूनं दुसरा मार्ग काढला. "असं करू. तू, ताई आणि ओवी इथं बसा. आम्ही तिघं पळत जातो, तोंड दाखवतो, दोन घास खातो आणि येतो."

"जा," काकू म्हणाली. "फक्त मला लिहून दे, मी इथं किती वाजेपर्यंत थांबू. आणि त्या वेळेला तुम्ही न्हाई आलात तर मी ह्या दोघींना घेऊन वर जायचं का खाली यायचं, तेवढंबी लिही."

दिगूनं पेन घेतलं. पान मांडीवर ठेवलं. दोन वाजता असं लिहिलं, खोडलं. अडीच लिहिलं. वर की खाली यापाशी त्याचा हात थांबला तो थांबलाच. वर लिहिलं तर आपण मागून अंधारात. खाली लिहिलं तर अकरा वर्षांची पोर आणि काकू अनोळखी वाटेवर, आणि उद्या सकाळी त्याची पहिली पाळी. त्यानं पेन सचिनकडं दिलं. सचिननं ते घेतलं नाही.

कोकणाच्या बाजूनं मोबाइलला रेंज येत होती. सचिननं त्या घरी फोन लावला, माफी मागितली. पलीकडं म्हातारी होती. ती रागावली नाही, तिला नवल वाटलं. "आज उतरून आजच चढणार होतात? वरची माणसं तर दुपारी उतरतात, रात्री पाव्हण्यांत राहतात, नि पहाटे उन्हाच्या आत चढतात. राहा की रातच्याला." राहणं शक्य नव्हतं. पण ते ऐकून दाजींनी नेस्मिथचा हिशोब मनातल्या मनात पुसून टाकला असावा. त्या वाटेनं जन्मभर ये-जा केलेल्या बाईनं त्या भिंतीचा आणि सूर्याचा हिशोब दोन वाक्यांत सांगितला होता. निघायच्या आधी तिलाच विचारलं असतं तर सगळा बेतच वेगळा ठरला असता.

जेवण गप्प झालं. एक वाजता ते वळले.

पहिला तास दिगू रागात चढला, म्हणजे झपाझप. काकू सगळ्यांच्या मागं. तिचं पाऊल वीतभर पडायचं, पण थांबायचं नाही. एक पाऊल, मग दुसरं, तोंड बंद, श्वास नाकानं. ओवी तिच्या पुढं, दर वळणावर गुळाचा खडा. दोन वाजता झाडी विरळ झाली आणि ऊन समोरून भिंतीवर आलं. कातळ हाताला चटका देऊ लागला. दिगूनं तेव्हा कुठं बाटली तोंडाला लावली आणि एका दमात अर्धी संपवली.

तीनच्या सुमाराला तो एका पायरीवर चढताना मधेच थांबला. उजवी मांडी आत ओढली गेली. त्यानं हात टेकला, आणि डावी पोटरीही गेली. विजारीवरूनसुद्धा स्नायूचा गोळा फिरताना दिसत होता, कातडीखाली काहीतरी जिवंत असल्यासारखा. तो दगडावर आडवा झाला. ओरडू नये म्हणून दातात टोपी धरली. ओवी घाबरून आईला बिलगली.

त्या आठवड्यात त्याच्या रात्रपाळ्या होत्या. शनिवारी सकाळी घरी येऊन तो तयारीला लागला होता, आणि रात्री जेमतेम डोळा लागला तोच निघायची वेळ झाली होती. उतरताना दम लागत नाही म्हणून पाय थकत नाहीत असं आपल्याला वाटतं. खरं तर प्रत्येक पावलाला अंगाचं आणि पाठीवरचं सगळं ओझं मांड्यांनाच अडवून धरायचं असतं. दोन पिशव्या घेऊन उड्या मारत तो अडीच तास तेच करत आला होता, जवळजवळ न पिता.

दाजींनी त्याचा गुडघा सरळ केला आणि चवडा हळूहळू त्याच्याकडं वाकवला. धरून ठेवला. सोडला. पुन्हा धरला. मनीषानं लिंबू, मीठ, साखर पाण्यात घालून घोट घोट पाजलं. सचिननं पिशव्या वाटून घेतल्या. ओवीनं स्वतःची पिशवी परत मागून घेतली. जागेवरचं पाणी बहुतेक संपलं. पण वर, तासाभराच्या अंतरावर, कातळाच्या खबदाडात फडक्यात गुंडाळलेलं पाणी होतं, हे आता सगळ्यांना आठवलं.

अर्धा तास गेला. मग दिगू उठला. काकू त्याच्या पुढं झाली.

"माझ्या टाचेकडं बघ," ती म्हणाली. "मी टाकते तिथंच टाक. वर बघू नको."

अठ्ठावन्न वर्षांच्या बाईच्या वीतभर पावलामागं तो तिशीतला गडी वीतभर पाऊल टाकत चढला. दर दहा मिनिटांनी उभा राहायचा. कुणी घाई केली नाही, कारण पानावर घाई नव्हती. काकूचे म्हणून लिहिलेले चार तास होते, ते आता दिगूनं वापरायला घेतले होते. खबदाडापाशी पोचले तेव्हा एका बाटलीला धोंड्याचा पोचा पडला होता, पण गळत नव्हती. पाणी गार होतं.

माथ्यावर पाय लागला तेव्हा पाच वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. अण्णांचा पंक्चरचा तास बराचसा खर्च झाला होता. दिगू गवतावर बसला आणि त्यानं बोटं मोडून हिशोब केला. खोपिवलीपर्यंतचा पाऊण तास, जेवणाचा निदान एक, तेवढंच पुन्हा चढून त्या सपाटीपर्यंत यायला सव्वा-दीड. पायात गोळे आले असते ते घाटाच्या खालच्या टप्प्यातच, आणि वर यायला रात्रीचे नऊ. दोन विजेऱ्यांत सहा माणसं. त्यानं हिशोब कुणाला सांगितला नाही. काकूच्या बुटांच्या नाड्यांत अडकलेली कुसळं मात्र वाकून एकेक काढली.

घोड नदीचा उगम म्हणून नेमकी जागा त्यांना कुणी बोटानं दाखवू शकलं नाही. गावाशेजारच्या ओहोळात पाण्याची करंगळीएवढी धार होती. शिरूरकडं जाणारं हेच पाणी असं गावातल्या एकानं सांगितलं. ओवीनं त्यात हात बुडवला आणि विचारलं, हे पाणी आपल्याआधी घरी पोचेल का? दाजी म्हणाले, मधे धरण आहे, ते सोडतील तेव्हा.

सहाला गाडी निघाली. डिंभ्याच्या अलीकडं रेंज आली तेव्हा सव्वासात होऊन गेले होते. फोन पहिल्या घंटेला उचलला गेला.

"अण्णा, आलो वर. सगळे आहोत."

"कितीला वळलात?"

"साडेबाराला थांबलो. एकला वळलो. खोपिवली राहिली."

"मागं कोण राहिलं?"

दिगूनं एकदा मागच्या सीटवर झोपलेल्या ओवीकडं आणि तिच्या डोक्याखाली मांडी दिलेल्या काकूकडं पाहिलं.

"मी, अण्णा."

"पाय कसा आहे?"

अण्णांना पायाचं कुणी सांगितलं नव्हतं. "बरा आहे आता. गाडी सचिन चालवतोय."

"चालवू दे. कारखाना चालू आहे, पारगावपासून उसाच्या ट्रॉल्या लागतील. बऱ्याच जणांना मागं दिवा नसतो, लांबून दिसत न्हाईत. अंतर ठेव म्हणावं त्याला. आणि उद्याची पहिली पाळी बदलून घे, आत्ताच फोन कर साहेबाला, साडेआठच्या आत उचलंल."